आरशाचा तुटलेला बोल्ट: एक्स्ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रकच्या ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा बदलायचा होता. त्याचं ब्रॅकेट दारावर दोन बोल्टांनी बसवलेलं आहे. खालचा बोल्ट सोडवायला घेतला, तो जरासा फिरल्यासारखा वाटला, मग पाना मऊ लागू लागला आणि डोकं तुटून हातात आलं. बोल्ट आठ मिलिमीटरचा, उरलेला तुकडा 'पातळीला, किंचित आत'. स्प्रे मारून झाला, काही हललं नाही. आता विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्यात: एक्स्ट्रॅक्टर (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून त्यात घालायची आणि बोल्ट उलटा फिरवून काढायची कडक दांडी) कोणत्या मापाचा घ्यावा, उष्णता द्यावी का, आणि तोवर गाडी वरच्या एका बोल्टावर चालवली तर चालेल का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही. दोन बोल्ट असतात तेव्हा ब्रॅकेट दाराला घट्ट चिकटून राहतं. एक गेला की सगळं वजन दुसऱ्याभोवती हलायला लागतं, आणि मोठ्या आरशाचं वजन त्याला धरणाऱ्या दांडीच्या टोकाला असतं. रस्त्याचा प्रत्येक धक्का त्या एकाच बोल्टाला वाकवतो. आरशातलं चित्र थरथरतं, आणि ट्रकच्या त्या बाजूला मागे बघायला दुसरं काही नसतं. दुरुस्तीच्या जागेपर्यंत न्यायचीच असेल तर दांडी पट्ट्याने आवळून बांधा आणि सावकाश न्या. त्यापलीकडे नको.

आता मुख्य गोष्ट. खरा प्रश्न एक्स्ट्रॅक्टरच्या मापाचा नाहीच. बोल्ट आट्यांमध्ये कशामुळे धरून बसलाय आणि ती पकड आधी कशी सोडवायची, हा आहे. डोक्यासकट, पूर्ण जाडीचा बोल्ट पान्याने फिरला नाही, तुटला. आता त्याच बोल्टाच्या पोटात भोक पाडायचं, त्यात मावेल एवढी बारीक दांडी घालायची आणि ती त्याला फिरवेल अशी आशा धरायची? गोल दांडीची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या हिशेबाने बदलते. व्यास निम्मा झाला की ताकद एक अष्टमांशावर येते. एक्स्ट्रॅक्टर बोल्टापेक्षा कितीतरी कडक पोलादाचा असतो, म्हणून हा हिशेब त्याला तंतोतंत लागू होत नाही हे मान्य. पण कडक म्हणजे ठिसूळही. तो न वाकता एकदम कडकन तुटतो, आणि त्याचा तुकडा बोल्टाच्या पोटात अडकला की साधं ड्रिल बिट त्याच्यावर नुसतं घासत बसतं. मग कार्बाइडचं बिट हवं, स्थिर हात हवा आणि भरपूर वेळ हवा.

बाजारात सर्रास मिळणारा डाव्या आट्यांचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर आणखी एक घोळ करतो. तो पाचरीसारखा आत शिरतो आणि बोल्टाची उरलेली भिंत बाहेर फाकवतो. म्हणजे आधीच आट्यांना चिकटलेला बोल्ट आणखी घट्ट दाबला जातो. वापरायचाच असेल तर सरळ दातांचा, सारख्या जाडीचा घ्या, त्याने फाकणं कमी होतं.

मग ते हत्यार विकतात कशाला? कारण तुटलेला प्रत्येक बोल्ट जाम झालेला नसतो. इथे तुटलेल्या तोंडाकडे नीट बघायची सवय कामी येते. तुमच्या हातात बोल्टाचं डोकं आहे ना, ते उजेडात धरा. तुटलेला भाग सगळा एकसारखा ताजा, चमकदार आणि गोल फिरल्यासारखा ओढलेला दिसत असेल, तर बोल्ट पिळून तुटला. म्हणजे आट्यांत तो खरोखर जाम आहे. पण तोंडाचा काही भाग काळपट, जुना, गुळगुळीत असेल, त्यावर वाकड्या कमानीसारख्या पुसट रेघा असतील आणि उरलेलाच भाग ताजा आणि खरबरीत असेल, तर तो बोल्ट कंपनांनी थकून आधीच अर्धा चिरलेला होता. तुमच्या पान्याने फक्त शेवट केला. अशा बोल्टाचा उरलेला तुकडा पुष्कळदा आट्यांत सैल असतो. त्याच्यावर ताण उरलेला नसतो, गंजही बेताचाच असतो. अणकुचीदार पंच कडेला तिरका टेकवून डाव्या दिशेने हलके टोले मारले तरी तो फिरू लागतो. एक्स्ट्रॅक्टरही इथे चालतो. तुमच्या वर्णनात पाना 'मऊ लागू लागला' असं आहे. ते पिळून तुटल्याचं लक्षण. डोकं बघून खात्री करा, पण मी जाम बोल्ट धरूनच पुढचं लिहितो.

डोक्यावर कोरलेला आकडाही वाचा, तो बोल्टाची ताकद, म्हणजे ग्रेड सांगतो. 8.8 असेल तर साध्या चांगल्या हायस्पीड बिटने भोक पडेल. 10.9 असेल तर कोबाल्टचं बिट लागेल. ए2-70 सारखं काही लिहिलं असेल तर बोल्ट स्टेनलेसचा आहे. स्टेनलेसवर बिट नुसतं घासू दिलं तर पृष्ठभाग जागच्या जागी कडक होतो, मग पुढे जाणं मुश्किल. त्याला फेरे कमी, दाब जास्त आणि तेल भरपूर.

आता 'पातळीला' या शब्दाविषयी. पातळी कशाची, ब्रॅकेटची की दाराच्या पत्र्याची? ब्रॅकेट अजून जागेवर असेल आणि तुकडा ब्रॅकेटच्या भोकात दिसत असेल, तर ब्रॅकेट काढल्यावर त्याच्या जाडीइतका बोल्ट बाहेर डोकावेल. अनेकदा डोकं त्याच्या मानेपाशी तुटतं आणि सात-आठ मिलिमीटर खुंट फुकट मिळतो. तसं झालं तर तुमचं निम्मं काम झालं. म्हणून पहिलं काम म्हणजे वरचा बोल्ट सोडवून ब्रॅकेट बाजूला घेणं.

तो वरचा बोल्टही त्याच पावसात, त्याच धुळीत बसलेला आहे, तेव्हा खालच्यासारखी घाई त्याच्याशी नको. आधी तारेच्या ब्रशने कडा साफ करा, तेल सोडा, डोक्यावर हातोडीने सरळ चार-पाच ठाम टोले द्या. टोल्याने आट्यांमधल्या गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मग सॉकेट लावून आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असं आलटून पालटून करा. एक खूण लक्षात ठेवा: पाना पुढे जातोय, पण जोर सोडल्यावर तेवढाच मागे येतोय, म्हणजे बोल्ट फिरत नाही, पिळला जातोय. तिथेच थांबा. पुन्हा तेल, पुन्हा टोले. जोर सोडल्यावर पाना मागे आला नाही, तरच बोल्ट सुटतोय. हे करताना आरशाचं वजन कोणीतरी धरून ठेवलं पाहिजे, आणि आत मोटर किंवा काच तापवायची तार असेल तर तिचा जोड आधी वेगळा करायचा. तार बहुतेक वेळा दांडीच्या पोकळीतून जाते, ओढली तर तुटते.

ब्रॅकेट हातात आल्यावर ठरतं की तुकडा नेमका कुठे आहे. तो दांडीत किंवा ब्रॅकेटच्या ओतीव भागात असेल तर सुटलात. तो भाग बाकावर नेऊन शिकंजात धरा, शक्य असेल तर उभ्या ड्रिल मशीनवर काम करा. ज्या गोष्टी दारापाशी, डोक्याच्या उंचीवर, हात वर करून करायच्या त्या सगळ्या बाकावर निम्म्या कष्टात होतात. तुकडा दाराच्या बाजूला असेल तर दाराच्या पत्र्यामागे काय आहे ते शोधावं लागतं. बहुधा वेल्ड केलेला लोखंडी नट असतो, कधी पत्र्यात दाबून बसवलेला रिव्हेट नट, तर कधी आत ॲल्युमिनियमचा ठोकळा. लोहचुंबक लावून बघा. चुंबक धरत नसेल तर ॲल्युमिनियम धरून चाला. पुढचे निर्णय या एका गोष्टीवर बदलतात.

लोखंडात लोखंड जाम होतं ते गंजाने. गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते, म्हणून आट्यांमधली फट भरून दोन्ही बाजू एकमेकांवर दाबल्या जातात. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट असेल तर प्रकार वेगळा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल आली की ॲल्युमिनियम झिजत जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. स्टेनलेसचा बोल्ट असेल तर हे आणखी जोरात होतं. त्या पांढऱ्या भुकटीवर तेलाचा फारसा परिणाम होत नाही. तिथे उष्णता जास्त उपयोगी.

तेलाबद्दल दोन शब्द. स्प्रे मारून दहा मिनिटांत पाना लावणं म्हणजे तेल मारलंच नाही असं समजा. आट्यांची फट केसाहून बारीक असते. तेल त्यात ओढलं जायला वेळ लागतो आणि अधूनमधून टोल्यांची मदत लागते. संध्याकाळी मारा, झोपायच्या आधी पुन्हा मारा, सकाळी पुन्हा. डब्ल्यूडी-40 सगळ्यांच्या हाताशी असतं, पण तो साधा निळा-पिवळा डबा मुळात ओल हटवण्यासाठी केलेला आहे, त्याच्या नावातला 'डब्ल्यूडी' तेच सांगतो. जाम आट्यांसाठी पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून विकलं जाणारं वेगळं तेल घ्या. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल मिसळून वापरायची शिफारसही वाचायला मिळते. उघड्या लोखंडावर, बाकावर ठीक. दारावर नको: ॲसिटोन रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खातो, आणि चटकन पेट घेतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेल कुठून सोडायचं. दाराचं आतलं आवरण काढा. ते काढायचा कंटाळा करू नका, सगळ्या कामात हाच अर्धा तास सर्वांत जास्त परत देतो. आतून नट दिसला की तेल मागून सोडता येतं, जिथे बोल्टाचं टोक नटाबाहेर आलेलं असतं. आणि तिथेच खरा चोर सापडतो. बाहेर आलेल्या त्या आट्यांवर वर्षानुवर्षं दारातली ओल बसलेली असते. बोल्ट उलटा सोडवताना तेच गंजाचे खवले नटात ओढले जातात आणि बोल्ट अडकतो. म्हणून आतून ते टोक तारेच्या ब्रशने चकचकीत करा.

यातूनच एक युक्ती निघते, जी मला इतर कोणत्याही हत्याराहून जास्त आवडते. नट आरपार असेल तर तुकडा बाहेरच यायला हवा असं कुठे आहे? त्याला आवळायच्या दिशेनेच फिरवा, आत जाऊ द्या. गंजलेलं टोक नटापासून दूर जातं, आणि नटातून जातो तो ब्रॅकेटच्या आडोशाला राहिलेला स्वच्छ भाग, अर्थात त्यावरही आटे असतील तर. तुकडा दारात पडला की चुंबकाने उचलून घ्या, राहू दिला तर प्रत्येक खड्ड्याला वाजेल. आतलं टोक पुरेसं बाहेर असेल तर त्यालाच ग्रिप प्लायर लावून आतूनच ओढून घेता येतं. बंद तोंडाचा नट असेल किंवा ठोकळ्यात आंधळं भोक असेल, तर अर्थातच हा मार्ग नाही.

बाहेर खुंट मिळाला असेल तर कानशीने त्याच्या दोन बाजू सपाट करा आणि चांगला दातेरी ग्रिप प्लायर जितका घट्ट बसेल तितका बसवा. प्लायर घसरू लागला की लगेच थांबा, गुळगुळीत झालेला खुंट पुन्हा धरता येत नाही. करवतीने खाच पाडून स्क्रू ड्रायव्हर लावायचा सल्ला लोक देतात. लहान स्क्रूला ठीक आहे, पण जाम झालेल्या आठच्या बोल्टाला तेवढा पीळ त्यातून मिळत नाही.

आता उष्णता. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं: एक अंश तापमानाला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन, पोलाद साधारण 12. आठ मिलिमीटर व्यासाला तापमान 150 अंशांनी वाढवलं तर दोघांच्या पसरण्यात फरक पडतो सुमारे 0.013 मिलिमीटरचा. ऐकायला काहीच नाही, पण भुकटीची पकड मोडायला तेवढा पुरतो. म्हणून ॲल्युमिनियममध्ये बोल्टाभोवतीचा भाग तापवायचा, बोल्ट नाही. हॉट एअर गन बरी. गॅसची ज्योत लावणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या की ॲल्युमिनियम 660 अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याआधी लाल होत नाही. रंग बघून अंदाज घ्यायची सवय लोखंडाची, ती इथे फसवते.

लोखंडी नटात लोखंडी बोल्ट असेल तर दोघं सारखेच पसरतात, तिथे फायदा वेगळ्या वाटेने येतो. तापवून थंड होऊ दिलं की गंजाचा थर तडकतो. दोन-तीनदा तापवा, थंड होऊ द्या, आणि बोल्ट गरम असतानाच त्याच्या कडेला मेण टेकवा. मेण वितळून आट्यांत खेचलं जातं. कारखान्यात आट्यांना गोंद लावलेला असेल, त्यातही लाल प्रकारचा, तर तो साधारण अडीचशे अंशांच्या पुढेच मऊ पडतो. तेल कितीही ओता, त्याला फरक पडत नाही.

पण दारावर उष्णता किती देता येईल हे दारच ठरवतं. पत्र्याचा रंग फुगतो, आत फोम, वायरिंग, काचेची रबरं असतात. आणि सगळ्यात मोठा धोका: आधी मारलेला स्प्रे आत साचलेला असेल तर तो पेटतो. तेल आणि ज्योत एकाच दिवशी नको. ज्योत लावायचीच असेल तर आधी ब्रेक क्लीनर नव्हे, साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून घ्या, आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा. इंडक्शन हीटर मिळत असेल तर सगळ्यात उत्तम, तो ज्योतीशिवाय फक्त धातूच तापवतो. अर्थात त्याची कॉइल घालायला खुंट बाहेर हवा.

तुकडा पातळीला किंवा आत असेल आणि वेल्डिंग येणारं कोणी असेल तर माझी पहिली पसंती तुकड्यावर नट वेल्ड करण्याला आहे. तुकड्याच्या तोंडावर आधी मिग वेल्डरने थोडा धातू चढवायचा, त्यावर वॉशर ठेवून वॉशर वेल्ड करायचा, वॉशरवर नट ठेवून नटाच्या पोटातून वेल्ड भरायचं. यात पान्याला पकड मिळते ती बोल्टाच्या पूर्ण जाडीवर, भोकातल्या बारीक दांडीवर नाही. आणि बोल्ट आतून लालबुंद तापतो, तेच निम्मं औषध. ॲल्युमिनियममध्ये तर हे फारच सोयीचं, पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे आटे चिकटायची भीती कमी. लोखंडी नटात मात्र वेल्डरचा हात सफाईदार हवा, नाहीतर तुकडा नटालाच जोडून टाकाल. वेल्ड झाल्यावर लाली जाईपर्यंत थांबा, मेण लावा, मग पुढे-मागे असं हळूहळू हलवा. पहिला नट तुटून आला तर निराश होऊ नका, दुसरा वेल्ड करा. प्रत्येक वेळी मिळणारी उष्णता वाया जात नाही. नट जस्ताचा मुलामा नसलेला घ्या किंवा मुलामा घासून काढा, जस्ताचा धूर छातीत गेला की ताप येतो.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडा आणि गाडीच्या कंपनीने वेल्डिंगसाठी दिलेली सूचना वाचा. काही गाड्यांत कंट्रोल युनिटचे जोडही काढायला सांगितलेले असतात. अर्थिंगचा चिमटा तुकड्याच्या जवळात जवळ, घासून उघड्या केलेल्या धातूवर लावा. लांब चॅसीवर लावलात तर करंट बिजागऱ्या आणि वायरिंगमधून वाट काढतो. दाराच्या काचेवर ओलं जाड कापड टाका, ठिणगीने पडलेला डाग काचेवरून कधीच निघत नाही.

वेल्डिंग शक्य नसेल तर उरतं ड्रिलिंग, आणि त्यात सगळं यश मधोमध भोक पडण्यात आहे. तुटलेलं तोंड खडबडीत असतं, त्यावर थेट बिट ठेवलं तर ते उताराकडे घसरतं. ॲल्युमिनियममध्ये तर ते कडक बोल्ट सोडून मऊ भिंतीत शिरतं आणि मग आटे गेलेच. आधी लहान ग्राइंडिंग बिटने तोंड सपाट करा, मग पंच मारा. पण त्याहून खात्रीचा उपाय तुमच्याकडेच आहे: ब्रॅकेट. ते वरच्या बोल्टाने पुन्हा जागेवर बसवा. त्याच्या खालच्या भोकात घट्ट बसेल अशी, मधोमध तीन मिलिमीटरचं भोक असलेली बुशी लेथवर करून घ्या आणि तिच्यातूनच ड्रिल करा. बिट इकडेतिकडे जाऊच शकत नाही. एवढ्याशा बुशीसाठी लेथवाल्याकडे कोण जाणार असं वाटेल, पण वाकडं पडलेलं भोक दुरुस्त करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. ब्रॅकेटचं भोक लांबट असेल तर बुशी नेमकी मध्ये आहे ना, हे आधी डोळ्यांनी पडताळा.

डाव्या फेऱ्याचं बिट मिळालं तर तेच वापरा, ड्रिल उलट फिरवायचं. अनेकदा भोक पाडतानाच बिट बोल्टाला धरतं आणि तो बाहेर येऊ लागतो. आरपार नट असेल तर मात्र साधं उजवं बिटही तेवढंच चांगलं, ते तुकड्याला आत ढकलतं. तीन मिलिमीटरपासून सुरुवात, मग पाच, मग साडेसहा. हातातल्या ड्रिलला तीनच्या बिटासाठी मिनिटाला हजार ते दीड हजार फेरे, मोठ्या बिटाला त्याच्या निम्मे, स्टेनलेस असेल तर त्याहून कमी. कापायचं तेल थेंबथेंब सोडत राहा. बिटावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, आतून काच आणि तारा कुठे आहेत ते आधी बघून ठेवलेलं असू द्या. शिडीवर उभं राहून दोन्ही हातांनी ड्रिल धरू नका, बिट अडकलं की झटका माणसाला बसतो. रुंद पाट किंवा स्टँड घ्या. आणि चष्मा लावा, आरसा डोळ्यांच्या वर असतो, चुरा खालीच येतो.

पाचचं भोक पडल्यावर थांबून पुन्हा उष्णता आणि मेणाची एक फेरी करा. पोकळ झालेला बोल्ट आतल्या बाजूला आकसायला मोकळा होतो, कधीकधी तेवढ्यानेच सुटतो. सरळ दातांचा एक्स्ट्रॅक्टर लावायचा असेल तर तो इथे, हलक्या हाताने. नाही हलला तर जोर नाही करायचा, साडेसहापर्यंत ड्रिल करायचं. आठच्या साध्या आट्यांच्या नटाचं आतलं माप साधारण 6.65 मिलिमीटर असतं, म्हणजे साडेसहानंतर नटात उरते फक्त बोल्टाच्या आट्यांची पातळ गुंडाळी. ती सुईसारख्या टोकदार हत्याराने एका जागी आत मोडायची आणि तारेसारखी ओढून काढायची. शेवटी आठ बाय 1.25 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार; आठ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत 1.25 मिलिमीटर अंतर) तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवायचा. हातात बारीक चुरा येत असेल तर ठीक. अचानक जड लागला तर टॅप तिरका आहे, काढून पुन्हा लावा. टॅपही एक्स्ट्रॅक्टरइतकाच ठिसूळ असतो.

मधेच वेल्ड केलेला नट पत्र्यापासून सुटून बोल्टाबरोबर फिरू लागला, तर आतलं आवरण काढलेलंच आहे, त्याला पाना किंवा ग्रिप प्लायर लावून धरा. आटे गेले असतील तर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, तिच्या आत नवे आटे मिळतात) बसवा, आठच्या आट्यांसाठी साधारण 8.3 चं भोक आणि त्या संचातलाच टॅप लागतो. पत्र्यामागच्या नटाला मात्र मी हेलिकॉइलच्या भानगडीत पडत नाही. खराब नट कापून काढतो आणि मागे रुंद जाड पट्टी देऊन नवा नट लावतो. पट्टीने वजन पत्र्यावर पसरतं. दहाचा बोल्ट घालायचा मोह टाळा, त्यासाठी ब्रॅकेटचं भोक मोठं करावं लागतं आणि ओतीव ब्रॅकेटच्या कडेला आधीच फार धातू नसतो.

परत बसवताना दोन्ही बोल्ट नवे घाला, मुळात होते त्याच ग्रेडचे. वरचा सुटला म्हणून चांगला आहे असं समजू नका, त्यानेही एवढे दिवस तेच भोगलंय. आट्यांना अँटी-सीझ (आटे पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावा, बाहेरच्या बाजूला डोक्याखालीही थोडं. तेलकट आट्यांत तोच पाना बोल्टाला जास्त ताणतो, त्यामुळे गाडीच्या पुस्तकात दिलेला टॉर्क (आवळायचा पीळ) कोरड्या आट्यांसाठीचा असेल तर साधारण पाचव्या भागाने कमी ठेवा. दारात पडलेला लोखंडी चुरा चुंबकाने आणि व्हॅक्यूमने काढा, नाहीतर तो तिथेच गंजून दाराच्या तळातली पाणी जायची भोकं बुजवतो. घासलेल्या पत्र्याला प्रायमर आणि रंग लावा. मग बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. पहिली भरलेली फेरी झाल्यावर ती रेघ बघा. तुटली असेल तर पुन्हा टॉर्क लावायचा, सलग असेल तर पाना लावायची गरज नाही.